नव्या गावात पुन्हा नेमबाजी: पेटी उघडण्यापासून पहिल्या साठ गोळ्यांपर्यंत

जागा बदलून, मध्ये वर्ष-दोन वर्षांचा खंड पडून रेंजवर परतलेला नेमबाज लगेच ओळखू येतो. पहिल्या पाच गोळ्या सातच्या रिंगच्या आसपास विखुरल्या की त्याचा हात साईटच्या, म्हणजे नेम धरायच्या यंत्राच्या, नॉबकडे जातो. चार क्लिक डावीकडे, सहा वर, मग परत दोन खाली. तासाभराने साईट मुळात कुठे होती हे त्याचं त्यालाच आठवत नाही, आणि दोष पेलेटवर (एअर गनच्या शिशाच्या गोळीवर), दिव्यांवर, नाहीतर ट्रकमध्ये आदळलेल्या पेटीवर जातो.

घोळ क्रमाचा असतो. साईट ही सगळ्यात शेवटी हात लावायची गोष्ट, लोक ती सगळ्यात आधी फिरवतात. त्याआधी कागद, रेंज, यंत्र, शरीर, पवित्रा आणि ट्रिगर जागेवर यावे लागतात. त्यातलं एक जरी हलत असेल तर साईट फिरवून काही साधत नाही, उलट एक खात्रीची खूण तेवढी हातची जाते.

पुढचे टप्पे 10 मीटर एअर रायफल आणि एअर पिस्तूल समोर ठेवून लिहिले आहेत. पॉइंट टू-टू वाल्यांसाठी (.22 कॅलिबरची, काडतुसाची हत्यारं) जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगितलं आहे.

टप्पा 1: कागद आधी, पेटी नंतर

घर बदललं की हत्याराचा पत्ताही बदलतो, आणि परवाना देणाऱ्यांच्या लेखी ती नोंद करण्याजोगी गोष्ट असते. कोणत्या हत्याराला परवाना लागतो, पत्ता किती दिवसांत कळवायचा, वाहतुकीला वेगळी परवानगी लागते का, हे देशागणिक आणि कधी कधी प्रांतागणिक बदलतं. जुन्या ठिकाणी विनापरवाना चालणारी एअर रायफल नव्या ठिकाणी ताकदीच्या, कॅलिबरच्या किंवा वयाच्या अटीत अडकू शकते. म्हणून क्रम असा ठेवा:

1. नव्या ठिकाणच्या परवाना अधिकाऱ्यांना लेखी विचारा. उत्तरही लेखी घ्या.
2. पत्त्याची नोंद आणि वाहतुकीची परवानगी, लागत असेल तर, सामान हलवण्याआधी मिळवा.
3. हत्यार ठेवायची कुलपाची जागा नव्या घरात आधी पक्की करा. भिंतीला ओल नाही ना, हे हात लावून बघा.
4. मगच हत्यार हलवा. रिकामं, कुलूपबंद, दाबाच्या हवेचं सिलिंडर काढलेलं, पेलेट किंवा काडतुसं वेगळी.

सामान बांधणाऱ्यांच्या हवाली पेटी करू नका. विमानाने न्यायची असेल तर कंपनीची मंजुरी आधी घ्या. सिलिंडर रिकामं असण्याची अट बहुतेक ठिकाणी असते आणि काही ठिकाणी ते रिकामं आहे हे डोळ्यांना दिसावं लागतं. निघायच्या आदल्या रात्री हे कळलं तर उपयोग नसतो.

इथे नेहमीची चूक म्हणजे क्लबमधल्या एखाद्या जुन्या सदस्याला विचारून मोकळं होणं. माणूस भला असतो, पण तो सांगतो तो नियम त्याने स्वतःचा परवाना काढला तेव्हाचा असतो.

टप्पा 2: रिकाम्या हाताने रेंजवर जा

पहिली फेरी हत्याराशिवाय करा. पाहुणा म्हणून या, मागे बसा, एक पूर्ण सत्र बघा. बरोबर वही ठेवा.

काय बघायचं? आधी आज्ञा. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या, म्हणजे आयएसएसएफच्या, स्पर्धेत ‘लोड’, ‘स्टार्ट’, ‘स्टॉप’, ‘अनलोड’ हे शब्द ठरलेले आहेत. क्लबांमध्ये मात्र त्याच गोष्टीला स्थानिक शब्द असतात, कुठे शिट्टी असते, कुठे दिवा. जुन्या रेंजवर ज्या आवाजाला तुम्ही बंदूक खाली ठेवत होतात तो आवाज इथे वेगळ्या कामाचा असू शकतो. सुरक्षेच्या बाबतीत जुनी सवय नवख्या माणसाच्या अज्ञानापेक्षा धोक्याची असते. नवखा निदान विचारतो तरी.

मग सेफ्टी फ्लॅग, म्हणजे हत्यार रिकामं असल्याची खूण. एअर हत्यारात तो नळीच्या पूर्ण लांबीतून जाणारा, भडक रंगाचा असावा लागतो. तुमचा जुना तुकडा अपुरा पडत असेल तर आत्ताच कळू द्या. पेटी कुठे उघडायची, फायरिंग लाइनवर की मागच्या टेबलावर, आणि पेटीचं तोंड कुठल्या दिशेला ठेवायचं, हेही टिपून घ्या.

त्यानंतर लेन. लक्ष्य कागदी आहे की इलेक्ट्रॉनिक? दिवे कुठून येतात, बाजूला खिडकी आहे का, सकाळी आणि संध्याकाळी उजेड किती बदलतो? टेबलाची उंची बदलता येते का? पायाखालची जमीन सपाट आहे का? लक्ष्याचा मध्य नियमाने जमिनीपासून 1.40 मीटरवर, 5 सेंटिमीटर इकडेतिकडे, असतो. हौशी रेंजवर तो नेहमी तिथेच असेल असं नाही. पॉइंट टू-टू वाल्यांनी 50 मीटरच्या उघड्या रेंजवर वाऱ्याची दिशा आणि झेंड्यांची जागा बघावी. भिंतीच्या कोपऱ्याशी वारा उलटा फिरतो, तिथली लेन पहिल्या महिन्यात घेऊ नका.

तपासा: वहीत आज्ञांचे शब्द, फ्लॅगचा नियम, लेनचा नंबर आणि हवा भरायची सोय या चार गोष्टी आल्या का? हवेचा प्रश्न लोक हमखास विसरतात आणि पहिल्या दिवशी न बसणारा अॅडॉप्टर हातात धरून उभे राहतात.

टप्पा 3: पेटी उघडा, पण काहीही फिरवू नका

घरी, पेलेट दुसऱ्या खोलीत ठेवून, पेटी उघडा. हत्यार रिकामं आहे हे डोळ्यांनी आणि फ्लॅग घालून अशा दोन्ही तऱ्हांनी बघा. आता नुसती पाहणी.

*आहे ते लिहून घ्या.* साईट, बट प्लेट (खांद्याला टेकणारा भाग), चीक पीस (गाल टेकायचा भाग), ग्रिप (मूठ), ट्रिगरच्या ब्लेडची जागा, हे सगळं जसं आलं तसं फोटो काढून आणि मापं घेऊन नोंदवा. साईटचा नॉब एका टोकापर्यंत मोजत न्या आणि तितकेच क्लिक मोजत परत आणा. तो आकडा वहीच्या पहिल्या पानावर. हत्यार हलवताना रिअर साईट काढली असेल तर ती रेलवर पूर्वीच्याच खाचेत बसली आहे का ते बघा. रेलवर घासल्याची जुनी खूण सहसा सापडते. साईट दहा मिलिमीटर पुढे-मागे बसली तरी डोळ्याचं अंतर बदलतं, मग मान ताणली जाते आणि दोष मानेवर ढकलला जातो.

*सिलिंडर.* त्यावर छापलेली तारीख वाचा. एअर हत्यारांच्या सिलिंडरना उत्पादकाने मुदत घातलेली असते, सर्रास ती 10 वर्षांची असते. मुदत संपलेलं सिलिंडर भरायचं नाही. दिसायला नवं कोरं असलं, एकदाच भरून वापरायचं असलं, तरी नाही. कमाल दाब किती ते त्याच्यावरच लिहिलेलं असतं, बहुधा 200 बार. रेंजवरची मोठी टाकी 300 बारची असू शकते. तेव्हा भरताना नजर गेजवरून हटू देऊ नका. हळू भरा. भराभर भरलेली हवा तापते, गेज पूर्ण दाखवतो, आणि थंड झाल्यावर दाब उतरलेला दिसतो.

सावध: हवेच्या जोडांना, झडपेला, ओ-रिंगला (हवा अडवणाऱ्या रबरी कड्याला) साधं मशीनचं तेल किंवा ग्रीस लावू नका. जास्त दाबाच्या हवेत खनिज तेल पेट घेऊ शकतं. उत्पादकाने सांगितलेलं सिलिकॉन ग्रीसच वापरा, आणि तेही नखभर.

*सील.* सिलिंडर बसवा, दाब नोंदवा, हत्यार कुलपात ठेवा, दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा. काटा लक्षात येण्याइतका उतरला असेल तर ओ-रिंग वाळली आहे. ही गळती रेंजवर कळली तर तो दिवस वाया जातो, आणि कळली नाही तर त्याहून वाईट. दाब हत्याराला लागणाऱ्या पातळीच्या खाली गेला की गोळ्या हळूहळू खाली सरकतात, आणि बिचारा नेमबाज साईट वर घेत बसतो.

*स्क्रू.* नळीचे, स्टॉकचे, साईटचे. प्रवासातल्या कंपनाने ढिले होतात. उत्पादकाने घट्टपणाचा आकडा दिला असेल तर त्या मापाच्या पान्याने आवळा. ‘हाताला घट्ट वाटेल इतकं’ हे माप दर वेळी वेगळं येतं.

*ट्रिगर.* 10 मीटर एअर पिस्तुलाच्या ट्रिगरला नियमाने किमान 500 ग्रॅम वजन पेलावं लागतं. परतणारा नेमबाज ‘जड लागतोय’ म्हणून तो हलका करायला जातो. जड झालेला नसतो, बोट विसरलेलं असतं. एक महिना थांबा.

*नळी आणि पेलेट.* उत्पादकाच्या फेल्ट पेलेटने (नळी पुसायच्या लोकरी गोळीने) नळी साफ करा, त्यानंतरच्या दहा-पंधरा गोळ्या हिशेबात धरू नका. पेलेटचा डबा उघडून बघा. पांढरी भुकटी धरलेले, कडा दबलेले पेलेट टाकून द्या. 4.5 मिलिमीटर कॅलिबरमध्येही डोक्याची मापं 4.49, 4.50, 4.51 अशी येतात, आणि कोणतं माप तुमच्या नळीला मानवतं ते जुन्या वहीत असेल. नवीन डबे घ्यायचेच असतील तर तेच माप घ्या. परतताना पेलेट, ग्रिप, चष्मा आणि बूट एकदम बदलणारे लोक मी पाहिले आहेत. मग बिघडलं कशाने हे देवाला ठाऊक!

टप्पा 4: शरीर आणि डोळे

एअर रायफल साडेपाच किलोपर्यंत असू शकते, पिस्तूल दीड किलोपर्यंत. हे वजन शरीर एका बाजूला घेतं, आणि खंडानंतर आधी कंबर आणि मान तक्रार करतात. पहिले दोन आठवडे रेंजवर जाण्याऐवजी घरी होल्डिंग करा. पिस्तूल 20 सेकंद उचलून धरायचं, 40 सेकंद विश्रांती, असं दहा वेळा. रायफलवाल्यांनी पूर्ण पवित्र्यात 30 सेकंद, मग एक मिनिट सुटका. खांदा दुखला तर त्या दिवशी तिथेच थांबा. दुखऱ्या खांद्याने केलेला सराव चुकीचा पवित्रा पक्का करतो.

जॅकेट घालून बघा. पोट सुटलं असेल तर ते तुमच्या आधी बटणांना कळतं. घट्ट झालेलं जॅकेट तसंच ओढून घातलं तर खांदा वर चढतो आणि बट प्लेट वेगळ्या जागी बसते. बटणं सरकवून घ्या.

डोळे तपासा, आणि तपासणाऱ्याला तुम्ही काय बघता ते नीट सांगा. पिस्तूलवाल्याला फ्रंट साईट (नळीच्या टोकाची साईट) धारदार दिसायला हवी, लक्ष्य नाही. म्हणून डोळ्यापासून फ्रंट साईटपर्यंतचं अंतर मोजून न्या. लांबच्या नंबरात अर्धा-पाऊण अधिक घालून अनेकांचं काम भागतं. चाळिशीनंतर परतणाऱ्यांच्या बाबतीत ‘नेम गेला’ या तक्रारीचं मूळ पुष्कळदा चष्म्यात निघतं. न वापरायचा डोळा मिटू नका, त्याच्यापुढे आडोसा लावा. स्पर्धेत त्याची रुंदी 30 मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही, म्हणून आतापासून तेवढाच लावा.

मधल्या काळात रक्तदाबाची गोळी सुरू झाली असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. बीटा ब्लॉकर गटातली औषधं नेमबाजीच्या स्पर्धांत प्रतिबंधित आहेत, कारण त्यांनी हृदयाचे ठोके मंदावतात आणि हाताची थरथर कमी होते. हौसेने खेळणाऱ्याला याचं काही नाही. पुढे स्पर्धेत उतरायचा विचार असेल तर डॉक्टरांशी आणि संघटनेशी आधी बोला. औषध मनाने बंद करू नका.

टप्पा 5: घरातला ड्राय

गोळीविना सराव, म्हणजे ड्राय, हा परतण्याचा निम्मा रस्ता आहे. तो लोक टाळतात, कारण त्यात आवाज नाही आणि आकडा नाही.

सावध: स्प्रिंग-पिस्टनच्या एअर गनवर रिकामा ट्रिगर ओढू नका. पुढे पेलेटचा अडसर नसला की पिस्टन जोरात आदळतो आणि सील फुटते. मॅच, म्हणजे स्पर्धेच्या, एअर हत्यारांत ड्रायची वेगळी सोय असते, ती वापरा. पॉइंट टू-टूमध्ये फायरिंग पिन चेंबरच्या कडेवर आपटू शकते, तिथे डमी काडतूस घाला, आणि ते खरं नाही हे प्रत्येक वेळी बघून.

ड्रायसाठी भिंत निवडताना पलीकडे माणसांचा वावर नसलेली जाड भिंत घ्या. पेलेट त्या खोलीत नकोत. दार लावा.

लक्ष्याचं माप आणि उंची यात बहुतेकांचं चुकतं. रायफलच्या लक्ष्याचा काळा भाग 30.5 मिलिमीटरचा, पिस्तुलाचा 59.5 मिलिमीटरचा. खोलीत 5 मीटर मिळत असतील तर ते निम्म्यावर आणा: सव्वापंधरा आणि तीसच्या आसपास. उंचीचं गणित वेगळं आहे. घरातही 1.40 मीटरवर कागद लावला तर नळी जास्त खाली झुकते आणि पवित्रा तसाच मुरतो. तुमचा डोळा नेम धरताना 1.60 मीटरवर असेल, तर 10 मीटरवरचा 1.40 चा मध्य 5 मीटरवर 1.50 ला येतो. डोळ्याची उंची आणि 1.40 यांच्या बरोबर मध्यावर कागद लावा.

मग क्रम असा:

1. दहा वेळा कोऱ्या भिंतीवर ड्राय. लक्ष्य नाही, फक्त साईट आणि बोट. ट्रिगर सुटताना फ्रंट साईट हलली का, एवढंच बघायचं.
2. दहा वेळा डोळे मिटून पवित्रा. हत्यार उचला, दोन श्वास घ्या, डोळे उघडा. साईट जिथे दिसते तीच तुमची नैसर्गिक दिशा. ती लक्ष्याच्या डावीकडे असेल तर हाताने ओढून आणू नका. पाय सरकवून अख्खं शरीर वळवा. वर-खालीचा फरक पायांनी जात नाही. त्यासाठी खांद्यातली बटची जागा, आधाराचा हात किंवा पिस्तुलाची ग्रिप बघा.
3. वीस वेळा कागदी लक्ष्यावर ड्राय.

पिस्तूल काळ्यात नव्हे, काळ्याच्या खाली पांढऱ्यात धरायची पद्धत असेल तर तीच ठेवा. साईट स्थिरावल्यावर सहा-आठ सेकंदांत ट्रिगर सुटला नाही तर हात खाली. दहाव्या सेकंदानंतर डोळा जुनंच चित्र धरून बसतो आणि ‘सगळं स्थिर आहे’ असा भास होतो.

तपासा: वीस ड्रायपैकी पंधरा वेळा तरी फ्रंट साईट जागेवर राहिली का? नसेल तर आठवडाभर इथेच थांबा. रेंज पळून जात नाही.

टप्पा 6: पहिला दिवस, कोरा कागद

रेंज ऑफिसरला सांगा की मी परतणारा आहे, नवखा नाही पण इथे नवा आहे. शक्य तर कोपऱ्याची लेन मागा (उघड्या रेंजवरच्या पॉइंट टू-टू वाल्यांनी नव्हे). लक्ष्य उलटं लावा, म्हणजे समोर नुसता पांढरा कागद येतो. इलेक्ट्रॉनिक लेन असेल तर स्क्रीन झाका.

वीस गोळ्या. आकडा नाही, मध्य नाही. ट्रिगर सुटल्यावर तीन सेकंद साईटमध्येच बघत राहा. मॅच एअर रायफलचा पेलेट साधारण 170 मीटर प्रतिसेकंद वेगाने जातो, म्हणजे लक्ष्यापर्यंत पोचायला त्याला सेकंदाचा सोळावा-सतरावा हिस्सा लागतो, आणि त्यातला सुरुवातीचा काळ तो नळीतच असतो. तेवढ्यात डोकं वर काढून बघणाऱ्याची नळी गोळीच्या आधी हलते.

वीस झाल्या की बांधाबांध. ‘आता हात बसला’ असं वाटेल, तरी थांबा. एकविसाव्या गोळीनंतर खांदा दमतो आणि डोकं मात्र जिंकण्याच्या मूडमध्ये असतं.

निघताना साबणाने हात आणि तोंड धुवा, गार पाण्याने. पेलेट शिशाचे असतात, आणि लाइनवर खाणं-पिणं बंद असण्यामागे हेच कारण आहे. रेंजवरचे कपडे घरातल्या लहान मुलांच्या कपड्यांत धुवायला टाकू नका.

टप्पा 7: ग्रुप, आणि गोळी आधी सांगणं

दुसऱ्या-तिसऱ्या खेपेपासून लक्ष्य सरळ लावा. पाच गोळ्यांचे पाच ग्रुप, प्रत्येक ग्रुप वेगळ्या कागदावर. प्रत्येक गोळीनंतर, छिद्र बघण्याआधी, वहीत लिहा: कुठे गेली असं वाटतं. ‘चांगली’, ‘डावीकडे ओढली’, ‘खाली सोडली’. मग बघा.

साईट फिरवायची की नाही, हे फक्त या वहीवरून ठरतं. तीन शक्यता असतात.

तुम्ही सांगता तिथेच गोळ्या जातात, पण विखुरलेल्या: साईट बरोबर आहे, तुम्ही अजून बसलेला नाहीत. ड्राय वाढवा.

तुम्ही सांगता त्यापासून दर वेळी एकाच बाजूला, जवळपास सारख्याच अंतरावर जातात: आता कुठे साईटचा विचार सुरू होतो.

सांगणं आणि पडणं यांचा काही मेळच नाही: यंत्र किंवा पवित्रा. स्क्रू, दाब, पेलेट पुन्हा बघा. मग रायफल कलते आहे का ते कुणाला तरी मागून बघायला सांगा. दर गोळीला वेगळा कल आला की गोळी आडवी भटकते. यंत्रावरचा संशय फिटत नसेल तर हत्यार पक्क्या आधारावर टेकवून पाच गोळ्या मारा. आधारावर छिद्रात छिद्र पडत असेल तर पेटी निर्दोष सुटली.

रायफलच्या लक्ष्यात दहाचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा आणि पुढची प्रत्येक रिंग अडीच मिलिमीटर बाहेर. पिस्तुलाचा दहा साडेअकरा मिलिमीटरचा आणि रिंगा आठ-आठ मिलिमीटरवर. म्हणजे रायफलवाल्याचा ‘सात’ आणि पिस्तूलवाल्याचा ‘सात’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शेजारच्या लेनकडे बघून खट्टू होऊ नका.

टप्पा 8: आता साईट

सलग तीन दिवस दुसरी शक्यता वहीत दिसली तरच. ‘चांगली’ असं लिहिलेल्या किमान दहा गोळ्या घ्या, ओढलेल्या वगळा, उरलेल्यांचा मध्य पेन्सिलने काढा. लक्ष्याच्या मध्यापासून तो किती मिलिमीटर दूर आहे ते मोजा.

फिरवण्याआधी नॉबवरची खूण नीट समजून घ्या. काही साईटवरचा बाण गोळी कुठे *जाईल* ते सांगतो. काहींवरची अक्षरं गोळी कुठे *पडते आहे* ते सांगतात, म्हणजे वर पडत असेल तर ‘वर’च्या अक्षराकडे फिरवायचं. एका पद्धतीची सवय असलेला माणूस दुसऱ्या पद्धतीची साईट उलटी फिरवतो आणि दोन रिंगांची चूक चार रिंगांची करतो. पिस्तुलाच्या उघड्या रिअर साईटचा नियम सोपा: गोळी जिकडे न्यायची तिकडे रिअर साईट न्यायची.

मग:

1. मुद्दाम दहा क्लिक एकाच दिशेने द्या, पाच गोळ्या मारा, मध्य किती सरकला ते मोजा. एका क्लिकचं तुमच्या हत्यारावरचं खरं माप हाती आलं.
2. दहा क्लिक परत.
3. हिशेबाने लागतील तितके क्लिक एकदाच द्या. आधी उंची, पाच गोळ्या. मग आडवं, पाच गोळ्या. दोन्ही एकदम नाही.
4. नवा आकडा लेनचा नंबर, दिवसाची वेळ आणि पेलेटच्या डब्याचा बॅच क्रमांक यांच्यासह लिहा.

नंतर दुसऱ्या लेनवर पाच गोळ्या मारून बघा. मध्य सरकला तर फरक लेनचा आहे, तुमचा नाही. उजेड एका बाजूने येत असेल तर फ्रंट साईटची एक कड उजळते आणि ती सरकल्यासारखी भासते.

कोचला किंवा मित्राला ‘जरा झिरो करून दे’, म्हणजे साईट मध्यावर लावून दे, असं सांगू नका. त्याचा गाल, त्याचा डोळा, त्याची पकड. त्याचा झिरो त्याच्यापाशीच चांगला.

टप्पा 9: साठ गोळ्या

आठवड्यातून दोन-तीन खेपा, प्रत्येक खेपेला वीसवरून तीस, मग चाळीस. पाचव्या-सहाव्या आठवड्याच्या आधी साठचा पूर्ण सामना मारू नका. स्पर्धेत आधी 15 मिनिटं तयारी आणि साईटरची (हिशेबात न धरल्या जाणाऱ्या चाचणीच्या गोळ्यांची), मग साठ गोळ्यांना इलेक्ट्रॉनिक लक्ष्यावर 75 मिनिटं मिळतात. हीच वेळ लावा. पहिल्या दहा गोळ्या घाईत उरकून शेवटी पंचवीस मिनिटं शिल्लक राहणारे बरेच असतात. त्यांनी दर दहा गोळ्यांनंतर हत्यार टेबलावर ठेवून खुर्चीत बसावं.

एकूण बेरीज त्या दिवशी करू नका. दहा-दहाच्या सहा मालिका वेगवेगळ्या लिहा. चौथ्या मालिकेपासून आकडा घसरत असेल तर होल्डिंग कमी पडतंय. पहिलीच खराब आणि पुढच्या बऱ्या असतील तर साईटरच्या वेळेत तुम्ही पवित्रा न लावता आकडे बघत बसलात. सगळ्याच सारख्या पण मध्यापासून एका बाजूला असतील तर वही काढा, आणि नॉबला हात लावण्याआधी सिलिंडरचा गेज बघा.